रुपयाला एक आणा : नागपूरचा गिरणी कामगार आणि म्हातारपणाची शिल्लक

पहिला पगार हातात आला की प्रश्न पडतो: म्हातारपणासाठी किती बाजूला टाकायचं? नागपूरच्या कामगारासाठी हे आधी मालकाने ठरवलं, मग कायद्याने. तो क्रम आज पाहू.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. कापूस वऱ्हाडचा, माणसं आसपासच्या गावांतली. कामगार टिकणं, रोज हजर राहणं ही गिरणीची मोठी अडचण होती. जमशेटजींनी १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला, १८९५ पासून अपघाताची भरपाई. त्या काळात हे फार पुढचं पाऊल होतं. पण एक लक्षात घ्या: ही मालकाची मर्जी होती. मालक चांगला म्हणून फंड. शेजारच्या कारखान्यात काहीच नाही.

स्वातंत्र्यानंतर हे बदललं. नोव्हेंबर १९५१ मध्ये अध्यादेश आला आणि १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. सुरुवातीला सहाच उद्योग घेतले, त्यात कापड गिरण्या होत्या. कपात किती? पगार आणि महागाई भत्त्याच्या सव्वासहा टक्के. आकडा विचित्र वाटतो ना? आण्यांत मोजा. सोळा आण्यांचा रुपया, त्यातला एक आणा म्हणजे बरोबर सव्वासहा टक्के! कामगाराचा एक आणा, मालकाचा एक आणा. १९९७ पासून बहुतेक ठिकाणी हा दर १२ टक्के आहे.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. सव्वाशे वर्षांची गिरणीसुद्धा कामगाराच्या म्हातारपणाला पुरेल याची खात्री नसते, म्हणून पैसा स्वतःच्या नावावर असावा लागतो.

आता मिहानमध्ये नोकरीला लागलेल्या २२ वर्षांच्या मुलीचा हिशेब करू. व्याज ८ टक्के धरलं, तर पैसा साधारण ९ वर्षांत दुप्पट होतो. ५८ व्या वर्षापर्यंत ३६ वर्षं, म्हणजे चार वेळा दुप्पट: एका रुपयाचे सोळा. तिने ३१ व्या वर्षी सुरुवात केली, तर आठच. महागाई ६ टक्के धरली तर तोवर किमतीही आठपट होतात. म्हणजे सोळा रुपयांची खरी किंमत आजचे दोन रुपये.

आणि पेन्शन? १९९५ च्या योजनेत मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के तिकडे जातात. सूत्र असं: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १५,००० रुपयांची मर्यादा धरून ३५ वर्षांच्या सेवेला महिना ७,५०० रुपये. मर्यादा वाढली नाही, तर ३६ वर्षांनी त्याची किंमत आजच्या हजाराहूनही कमी. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि ती वाढवावी म्हणून विदर्भातले निवृत्त कामगार आजही मोर्चे काढतात.

म्हणून माझं म्हणणं असं. कायद्याचे १२ टक्के ही सुरुवात समजा. नोकरी बदलताना फंड काढून मोटरसायकल घेऊ नका, खातं पुढे न्या. आणि दर पगारवाढीतून रुपयामागे एक आणा जास्तीचा टाका. १९५२ मध्ये कमी पगाराच्या गिरणी कामगाराकडूनही कायद्याने तेवढीच अपेक्षा केली होती.

आता तुमचे प्रश्न घेऊ.