शब्दांवाचून नाट्यपद

आमच्या साखऱ्यात भजनाला टाळकरी जमेपर्यंत पेटीवाले बुवा एक चाल वाजवीत बसत. गावात संगीत नाटक पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. ती चाल 'मानापमान'मधली, हे मला वीसेक वर्षांनी एक जुनी ध्वनिमुद्रिका ऐकताना कळले. नट, नेपथ्य, शब्द सारे मागे राहून नुसती चाल गावापर्यंत आली कशी, याचा शोध मी तेव्हापासून घेतो आहे.

'मानापमान' 1911 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटक कृ. प्र. खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे मुळात पेटीवादक. ठुमरी, होरी, कजरी अशा पूर्वेकडच्या गाण्यांतून त्यांनी चाली निवडल्या आणि खाडिलकरांनी त्यांवर पदे बांधली. चाल आधीची, शब्द नंतरचे. म्हणूनच पेटीवर शब्द गळून पडले तरी चाल पोरकी होत नाही. ती माहेरी गेल्यासारखी वाटते.

अमेरिकेत हाच प्रयोग वेगळ्या रीतीने झाला. 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक 1956 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला सुरू झाले. ते शॉच्या 'पिग्मॅलियन'वरचे, पु. लं.ची 'ती फुलराणी'ही त्याच मुळाची. त्याच वर्षी शेली मान (ड्रम), आंद्रे प्रेविन (पियानो) आणि लेरॉय विनेगर (बास) या तिघांनी त्यातल्या चालींची जॅझ तबकडी काढली. तिथे चाली नाटकासाठी नव्याने रचलेल्या होत्या. वादकांनी त्यांची लय आणि स्वरसंगती मोकळेपणाने बदलली. आपला पेटीवाला मुखडा सांभाळतो आणि दोन मुखड्यांच्या मध्ये आपले गाणे मांडतो.

पण आपल्या वादकाच्या वाटेत एक भिंत उभी राहिली. पेटीचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूरही पेटीच्या विरोधात होते. 1940 साली आकाशवाणीने पेटीला बंदी केली. ती सैल व्हायला 1971 साल उजाडले. ज्या वाद्याने नाट्यपदे घडवली, तेच तीन दशके रेडिओला वर्ज्य होते. आक्षेप खोटा नव्हता, पण अपुरा होता. गोविंदराव पटवर्धनांचे नाट्यपदांचे वादन ऐकावे. गायक जिथे श्वास घेईल तिथे त्यांची पेटी थांबते, शब्दावर जोर यावा तिथे सूर ठसतो. मींड नसलेल्या वाद्यातून ते गाण्याचा भास उभा करतात, आणि पद पाठ असलेल्या श्रोत्याच्या ओठांवर शब्द आपोआप येतात.

साखऱ्यात आम्हांला ते पद पाठ नव्हते. आम्हांला फक्त चाल माहीत होती, आणि बुवांनी ती कुठे ऐकली हे मी त्यांना कधी विचारले नाही. नाट्यसंगीताचा इतिहास आपण नाटक मंडळ्यांच्या जमाखर्चात आणि ध्वनिमुद्रिकांत शोधतो. त्याचे एक पान भजनी मंडळांच्या पेट्यांत आहे. ती वाजवणारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्यायला हवे.