पांढरी एक

पियानोपुढें प्रथमच बसलेल्या लहान मुलास सर्व पट्ट्या सारख्याच दिसाव्यात, यांत नवल नाहीं. आजच्या पूर्ण आकाराच्या पियानोवर ८८ पट्ट्या असतात; त्यांपैकीं ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. पांढऱ्या पट्टीची ओळख पटते ती शेजारच्या काळ्यांवरून. काळ्या पट्ट्या दोन व तीन अशा गटांनीं मांडलेल्या आहेत. दोहोंच्या गटालगत डावीकडे जी पांढरी, ती इंग्रजी परिभाषेंतील ‘सी’ आणि आमच्या पेटीवाल्यांची ‘पांढरी एक’. एवढी खूण मनांत ठसली कीं बाकीच्या अकरा जागा मूल आपण होऊन शोधूं लागतें. परंतु मुलास आधीं काय द्यावें, पट्टीची जागा, तिचें नांव, कीं कागदावरील तिचें चिन्ह, याविषयीं युरोपांतील थोर शिक्षकांच्या रीती भिन्न होत्या. आणि त्यांचा भार अखेर पडला तो मुलांच्या बोटांवर.

ही विषम मांडणी कोणा एकाच्या कल्पनेंतून निघालेली नाहीं. मध्ययुगीन ख्रिस्ती संगीतांत सात स्वरांस ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत अक्षरें दिलेलीं होतीं. त्यांपैकीं ‘बी’ चीं मात्र कोमल व शुद्ध अशीं दोन रूपें चालत. म्हणून वाद्यावर पहिली जादा पट्टी आली ती याच स्वराच्या शेजारीं. पुढें बाकीचे विकृत स्वर आले. ज्या दोन ठिकाणीं लगतच्या स्वरांत अंतरच निम्में होतें, तेथें मध्यें पट्टी घालण्याचें कारण नव्हतें. त्यामुळें दोन व तीन असे गट पडले. आजहि मुलाचा पहिला गोंधळ येथेंच होतो: अक्षरें ‘ए’ पासून, धडा मात्र ‘सी’ पासून! हा दोष मुलाच्या बुद्धीचा नसून इतिहासाचा आहे.

पियानोचा जन्म इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें क्रिस्तोफोरीच्या हातून झाला. पण पट्ट्यांची ही मांडणी त्याच्या पूर्वींच हार्प्सिकॉर्डवर रुळलेली होती. त्या वाद्याचा श्रेष्ठ फ्रेंच वादक फ्रान्स्वा कुपराँ यानें १७१६ सालीं वादनकलेवर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांस सहा-सात वर्षांच्या वयांत आरंभ करवावा, आणि कांहीं गती हातांत बसल्यावांचून स्वरलिपी दाखवूं नये, असें तो सांगतो. कारण डोळे पुस्तकांत गुंतले कीं बोटें बिघडतात. आरंभीं शिक्षकाच्या गैरहजेरींत मुलानें सराव करूं नये, म्हणून हा गृहस्थ वाद्याची किल्लीच बरोबर घेऊन जात असे! त्या काळच्या अनेक फ्रेंच वाद्यांवर मुख्य सात पट्ट्या काळ्या व वरच्या पांढऱ्या असत, हें ध्यानांत घेतलें म्हणजे रंगापेक्षां गटाची खूण किती टिकाऊ आहे हें कळतें.

बाखची रीत निराळी. २२ जानेवारी १७२० रोजीं कोथन येथें त्यानें आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठीं, विल्हेल्म फ्रीडमानसाठीं, एक वही सुरू केली. तिच्या आरंभीं स्वरांचीं नांवें व चिन्हें आहेत, मग अलंकारांचा तक्ता, आणि त्यानंतर बोटांचे आंकडे घातलेली एक लहानशी रचना. येथें अक्षर आधीं आलें खरें, पण पाठोपाठ संगीतहि आलें.

या दोहोंची फारकत झाली ती यंत्रयुगांत. डब्लिन येथील योहान बर्नहार्ड लोजिए यानें १८१४ सालीं ‘कायरोप्लास्ट’ नांवाच्या साधनाचें पेटंट घेतलें. दोन दांड्यांमध्यें मुलाचीं मनगटें धरलेलीं, प्रत्येक बोट आपापल्या खांचेंत, आणि पट्ट्यांच्या वर स्वरांचीं नांवें दाखविणारा फळा. लोजिए अनेक मुलांस एकत्र शिकवी व त्यांस स्वरसंवादाचे नियमहि समजावून देई, हें त्याचें श्रेय नाकारतां येत नाहीं. परंतु ज्या हातास चाचपडण्याची मुभा नाहीं, तो शेजार कसा ओळखणार? आज पट्ट्यांवर अक्षरांच्या चिकटचिठ्या लावतात, ती त्याच फळ्याची आवृत्ति होय.

महाराष्ट्रांत पेटीच्या निमित्तानें एक निराळीच सोय झाली. आमचा गवई ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी पांच’ म्हणतो, तेव्हां तो पट्टीची जागा सांगतो. षड्‌ज मात्र तो वाटेल त्या पट्टीवर मांडूं शकतो. युरोपीय अक्षर जागा आणि स्वर या दोहोंस एकाच नांवानें बांधतें. आमच्या रीतींत जागेला रंग व क्रम, आणि स्वराला सा-रे-ग, अशीं दोन स्वतंत्र नांवें आहेत. त्यामुळें जागा सांपडली म्हणजे स्वर कळला, असा भ्रम मुलास सहसा होत नाहीं. स्वर त्याला कानानेंच मिळवावा लागतो.

म्हणून घरांत पियानो असो वा पेटी, मुलास प्रथम डोळे मिटावयास सांगावें. त्यानें बोटांनीं दोहोंचा गट शोधावा, डावीकडे उतरावें, पट्टी दाबावी आणि ऐकावें. नांव सांगण्यास त्यानंतर पुष्कळ अवकाश आहे.