भांड्यावरचे नाव, चांदीवरची ढाल

एदलाबादचे मुक्ताईनगर झाले; पण तेथील जुन्या घरांतील पितळी पराती आणि तांब्याचे हंडे यांवर एकदा घातलेले नाव बदलत नाही. लग्नात मामाकडून आलेल्या घंगाळावर मामाचे नाव असते, क्वचित गाव आणि तारीखही. गावपंगतीला घरोघरची भांडी एकत्र येत आणि नाव वाचून ज्याची त्याच्याकडे परतत. ही खूण शेजाऱ्यांनी वाचायची असे.

युरोपातील सरदार घराण्यांच्या चांदीवरही खूण असे, पण ती ढालीची. बाराव्या शतकात योद्ध्यांच्या ढालींवर उमटलेली चिन्हे वंशपरंपरेने चालत आली आणि पुढे ताटा-चमच्यांवर उतरली. चांदी म्हणजे साठविलेले धन. अडचणीच्या वेळी ती वितळविता येई. तिच्यावर कुलचिन्ह कोरले की मालकी सिद्ध होई आणि पाहुण्यास कुळही कळे.

मराठी राज्यकर्त्यांची ओळख मुद्रा आणि निशाण यांत होती. युरोपीय धर्तीची कुलचिन्हे आली ती १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारानिमित्त. व्हाइसरॉय लिटन यांनी संस्थानिकांना दिलेल्या रेशमी निशाणांवरील चिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालमधील मुलकी अधिकाऱ्याने आखली होती. त्या दरबारास बडोद्याचे तेरा वर्षांचे सयाजीराव गायकवाड उपस्थित होते. १८७५ मध्ये दत्तक जाईपर्यंत ते मालेगावजवळील कवळाणे गावच्या शेतकरी घरातले गोपाळराव होते. त्यांचा जन्म १८६३ चा. मालेगाव तेव्हा खानदेशात मोडत असे, नाशिक जिल्हा झाला तो १८६९ साली. बडोद्याचे बोधवाक्य ‘जीन घर, जीन तख्त’ असे होते. खोगीर हेच घर म्हणणाऱ्या घराण्याची ओळख आता परक्या अधिकाऱ्याने आखलेल्या ढालीत बसविली गेली.

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. मद्याच्या सुरया आणि सिगार पाहुण्यांपुढे नेणाऱ्या तिच्या डब्यांवर एकेक अक्षर लावून शिंदे घराण्याचे नाव लिहिले आहे. अक्षरे मात्र रोमन. कण्हेरखेडच्या शिंद्यांचे नाव येथे कोणी वाचायचे, हे लिपीच सांगते.

हंड्यावरचे नाव साधे आणि चांदीवरचे चिन्ह मिरविणारे, एवढाच निष्कर्ष काढून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. दोन्ही खुणा पंगतीत ज्यांना जागा आहे त्यांच्याच. मुक्ताईच्या कथेत विसोबाच्या सांगण्यावरून कुंभार तिला मांडे भाजण्यास खापर देत नाहीत आणि ती ते ज्ञानदेवांच्या पाठीवर भाजते. जिला मातीचे भांडेही नाकारले गेले, तिचे नाव आज साऱ्या गावाला आहे. भांड्यांवरील नावांचा इतिहास लिहिताना ज्यांना भांडेच मिळाले नाही त्यांचेही पान मांडावयास हवे.