शाळेचा सप्ताह आणि शाळेचा हजेरीपट

पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातील पूस नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या आणि थंडीने जरा जोर धरला, म्हणजे तालुक्याच्या इतर गावांप्रमाणे येथील शाळांतही एका धामधुमीच्या आठवड्याची तयारी सुरू होते. मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात. कबड्डी, खो-खो, धावण्याच्या शर्यती, पाठांतर, वक्तृत्व, रांगोळी, शास्त्रीय प्रयोगांचे प्रदर्शन, हस्तलिखिताचे प्रकाशन, नाटुकली असा एकेक कार्यक्रम उरकत शेवटी बक्षीससमारंभाचा दिवस उजाडतो. पाहुणे येतात, वर्षाचा अहवाल वाचला जातो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा आपल्या नित्याच्या वाटेस लागते.

या आठवड्यास कोणी इतिहासाचा विषय समजत नाही. परंतु ज्या प्रसंगी एखादी संस्था आपल्याकडील उत्तम ते लोकांसमोर मांडते, त्या प्रसंगावरून ती संस्था कोणास जबाबदार मानते हे कळते. शाळा कोणापुढे उभी राहते, कोणास शाबासकी देते आणि त्या वेळी कोण गैरहजर असतो, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत कसकशी बदलत गेली, ते पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम खुद्द आठवड्याविषयी. शाळेचा आठवडा ही वस्तू आपणांस वाटते तितकी जुनी नाही. पंतोजीच्या शाळेत काळाची गणना तिथीने होई. अमावास्या, पौर्णिमा, प्रतिपदा, अष्टमी हे अनध्यायाचे दिवस. बाकीचे दिवस धूळपाटी, मोडीचा कित्ता, पावकी-निमकी आणि सायंकाळचा परवचा. रविवारची सुटी आली ती सरकारी शाळा आणि कचेऱ्यांबरोबर. मुंबईच्या गिरणीकामगारांस हीच रविवारची सुटी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली. म्हणजे मुलांच्या सुटीचा दिवस त्यांच्या कष्टकरी बापांच्या वाट्यास मागाहून आला. शाळेच्या वेळापत्रकाने काही घरांचे जीवन लवकर बांधले गेले, काही घरांचे ते कधीच बांधले गेले नाही. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे बीज या भेदात आहे.

वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला तो १८५३ साली. शिक्षणखात्याची घडी तेथे १८६६ पासून बसू लागली. पुसद तालुका त्या वेळी वाशीम जिल्ह्यात मोडे. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळास जोडले गेले. त्या काळच्या खेड्यातील शाळेचा मोठा दिवस म्हणजे तपासणीचा दिवस. ‘दिपोटी’ येणार ही वार्ता आली की शाळा शेणाने सारवली जाई, मुलांस न्हाऊमाखू घालून धुतलेले कपडे चढविले जात आणि न येणाऱ्या मुलांस घराघरांतून बोलावून आणून पटावरील आकड्यांची जुळणी केली जाई. ब्रिटिश हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी शाळेचे अनुदान परीक्षेच्या निकालावर बेतलेले असे. तेव्हा मास्तरांची ही धावपळ निव्वळ भीतीपोटी होती असे म्हणता येणार नाही. त्यांच्या पोटाचाच तो प्रश्न होता. शाळा उभी राही ती सरकारसमोर. गाव लांबून पाही.

गावाने शाळा पाहावी, ही कल्पना पुण्यास आधीच रुजली होती. १८५२ साली जोतीराव फुले यांच्या मुलींच्या शाळेची जाहीर परीक्षा झाली, तेव्हा ती पाहावयास लोकांची दाटी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांस शालजोडी देण्यात आली. मुली वाचू शकतात हे कागदावर सांगून जे लोकांस पटले नसते, ते चारचौघांत वाचून दाखविल्याने पटले. पुढे तीस वर्षांनी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी दोन मुद्दे मांडले, ते आपल्या विषयाशी निकट संबंध असलेले आहेत. एक असा की, ज्या गरीब लोकांत विद्येची गोडी अद्याप उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यात निकालावर पैसे देण्याची पद्धत उपयोगी पडावयाची नाही. दुसरा असा की, अशाच वर्गांतील मुलांस शाळेकडे ओढण्याकरिता शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे उदार हाताने ठेवली पाहिजेत. बक्षीस हे पुढे असलेल्यास आणखी पुढे नेण्याचे साधन, असे आज आपण सहज धरून चालतो. जोतीरावांच्या मते ते दाराबाहेरच्या मुलास आत घेण्याचे साधन होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शाळेच्या या दरबारी दिवसाचे रूप पालटले. वंगभंगानंतर नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याचे स्वागत मुलांनी ‘वंदे मातरम्’च्या घोषाने केले. तपासणी ज्यांच्याकरिता मांडलेली, त्यांच्याच तोंडावर ती उलटली. या प्रकरणी शाळेतून काढलेल्या विद्यार्थ्यांत केशव बळिराम हेडगेवार हे एक होते. त्यांनी यवतमाळास तपस्वी बाबासाहेब परांजपे यांच्या विद्यागृहात प्रवेश घेतला. ही राष्ट्रीय शाळा सरकारच्या रोषास पात्र झाली व १९०९ च्या सुमारास बंद पडली. तिचे आयुष्य अल्प, परंतु या जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात तिचे महत्त्व मोठे. कारण शाळा सरकारवाचून लोकांच्या बळावर चालू शकते, हे तिने दाखविले.

त्याच यवतमाळात माधव श्रीहरी अणे यांनी वकिली केली. वकिलीपूर्वी १९०४ ते १९०७ पर्यंत ते अमरावतीस काशीबाई खाजगी हायस्कुलात शिक्षक होते. या शिक्षकानेच पुढे १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून वऱ्हाडातील जंगल सत्याग्रहास आरंभ केला. मिठागरे नसलेल्या प्रांताने आपले मीठ गवतात शोधले! सविनय कायदेभंगाच्या त्या पर्वात प्रभातफेरी, ध्वजवंदन, समूहगीत यांची जी रूढी देशभर पडली, तीच स्वातंत्र्यानंतर पंधरा ऑगस्ट व सव्वीस जानेवारी या दिवशी शाळांच्या अंगणात स्थिरावली. पूर्वी सरकारसमोर उभी राहणारी शाळा आता गावासमोर उभी राहू लागली. आजचा संमेलनाचा सप्ताह हा या परिवर्तनाचा वारस आहे, आणि त्याचा आनंद मानावा तितका थोडाच.

परंतु गाव म्हणजे कोण? पुसदच्या परिसरात गावाबरोबर तांडेही आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा बंजारा समाज आगगाडी आल्यावर आपल्या धंद्यास मुकला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची काळी छाया अशा भटक्या जमातींवर पडली आणि तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. हा समाज डोंगरांच्या आश्रयाने तांडे करून शेतीस लागला. त्याची बोली वेगळी. शाळेतील मराठी ही त्याच्या मुलांस परकी. आंध, कोलाम इत्यादी आदिवासींची वस्तीही याच डोंगराळ मुलखात. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले ते फेटाळले गेले. तेव्हा ज्याची शाळा जवळ त्याने शिकावे, दूर असेल त्याने चालावे, हाच या भागातील अलिखित नियम राहिला.

या नियमाखाली जे चालले त्यांतील एक मुलगा सर्वांस परिचित आहे. वसंतराव नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे झाला. तांड्याच्या नाईकाचा हा मुलगा. त्याची प्राथमिक इयत्ता एका गावी पुरी होईना. उमरी, बान्सी, भोजला अशा निरनिराळ्या गावच्या शाळांतून त्यास शिकावे लागले. माध्यमिक शिक्षणाकरिता नागपूरचे तेच नील सिटी हायस्कूल, मग मॉरिस कॉलेज व कायद्याची पदवी. पुसदेस वकिली करीत असता १९४६ साली ते तेथील नगराध्यक्ष झाले आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्याच गहुलीचे सुधाकरराव नाईक १९९१ साली मुख्यमंत्री झाले. एका लहानशा गावाने राज्यास दोन मुख्यमंत्री दिले, याचा अभिमान पुसदकरांस वाटणे स्वाभाविक होय. परंतु इतिहासकाराने या यशाबरोबर एक हिशेबही मांडला पाहिजे: ज्या घरास मुलगा परगावी ठेवण्याची ऐपत होती, त्या घरचा मुलगा शिकला. बाकीच्या झोपड्यांतील मुले गुरांमागे राहिली.

हे ओळखूनच महाराष्ट्रातील दूरदर्शी पुरुषांनी शाळेइतकीच वसतिगृहाची चिंता वाहिली. शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरास निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली व वसतिगृह हा तिचा पाया केला. वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. अमळनेरास साने गुरुजींनी छात्रालयाच्या मुलांकरिता स्वहस्ते लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक चालविले. घरापासून दूर असलेल्या मुलास आपण कोणाचे तरी आहो असे रोज सकाळी वाटावे, यापरते त्याचे प्रयोजन नव्हते. पुढे राज्यात विमुक्त, भटक्या व आदिवासी मुलांकरिता आश्रमशाळा निघाल्या. पुसदेस फुलसिंग नाईक महाविद्यालय झाले, १९८३ साली बाबासाहेब नाईक यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. ज्या तालुक्यात प्राथमिक इयत्तेकरिता गावे बदलावी लागत, तेथे आता अभियंते तयार होतात. ही प्रगती कोणासही नाकारता येणार नाही.

तथापि एक गोष्ट या प्रगतीच्या आड राहते. पुसदच्या भोवतालच्या तांड्यांतील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस परमुलखी जातात आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईबापांबरोबर मुलेही जातात. कोणी धाकट्या भावंडास सांभाळण्याकरिता, कोणी मोळ्या वाहण्याकरिता. म्हणजे ज्या महिन्यांत शाळेचे संमेलन भरते, नेमक्या त्याच महिन्यांत तांड्याचे मूल उसाच्या फडात असते. शर्यतीत ते हरत नाही, कारण ते धावण्यासच येत नाही. अहवालात त्याचे नाव गळालेल्यांतही नसते, कारण पटावर ते आहे. २०१० च्या एप्रिलपासून बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. अशा मुलांस आजी-आजोबांपाशी गावीच ठेवून शिकविण्याकरिता हंगामी वसतिगृहांची सरकारी योजनाही आहे. कायदा आहे, योजना आहे. तरी संमेलनाच्या दिवशी वर्गात उभे राहून हजेरी घ्यावी, म्हणजे हक्क कोठवर पोहोचला ते कळेल.

यावर कोणी म्हणेल की, चार मुले नाहीत म्हणून शंभर मुलांनी नाचू-खेळू नये काय? असा आमचा मुळीच आग्रह नाही. संमेलन व्हावे, दणक्यात व्हावे. लाजाळू मुलीस रंगमंचावर कंठ फुटतो आणि गणितात मागे पडणाऱ्या मुलास मैदानावर मान मिळतो, हे या आठवड्याचे खरे फळ आहे. आमचे म्हणणे इतकेच की, सप्ताहाची तारीख ठरविताना पंचांगाबरोबर हजेरीपटही उघडावा. गणपती-नवरात्राच्या दिवसांत, तांडे हलण्यापूर्वी, हा सप्ताह उरकता येण्यासारखा आहे. पाऊस-चिखलाची थोडी अडचण सोसावी लागेल, ती सोसण्यासारखी आहे. दुसरे असे की, मुख्याध्यापकांच्या अहवालात बक्षिसांच्या यादीआधी गैरहजर मुलांची संख्या कारणांसह वाचली जावी. संख्या ऐकून पाहुणा अवघडेल, तर अवघडो. आणि तिसरे, जो मुलगा किंवा मुलगी हंगाम संपवून परत येऊन शाळेत पुन्हा बसते, तिच्याकरिता एक बक्षीस असावे. जोतीरावांनी मागितलेले बक्षीस ते हेच.

सप्ताह हा शब्द आमच्या गावांस शाळेने शिकविलेला नाही. हरिनामाचा सप्ताह गावोगाव बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही आणि शेवटी काल्याचे कीर्तन होऊन प्रसाद वाटावयाचा. त्या प्रसादाची पद्धत अशी की, कोणी सातही दिवस पहारा केला असो की कोणी शेवटच्या घटकेस शेतातून धावत आला असो, त्याच्या हातावर काला पडतोच. शाळेच्या सप्ताहात बक्षिसे मोजक्यांसच मिळणार, त्यास उपाय नाही. पण काला वाटावयाच्या वेळी पंगतीत कोण नाही, हे वाटणाऱ्याने मान वर करून पाहिले पाहिजे.