पाटीवरचे नाव : नर्गिस दत्त



बार्शीच्या कॅन्सर इस्पितळाला कोणाचे नाव आहे, असा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला. चार-पाच मुलांनी अचूक उत्तर दिले, "नर्गिस दत्त." "त्या कोण होत्या?" असे विचारताच वर्ग गप्प झाला. एक मुलगा भीत भीत म्हणाला, "सर, डॉक्टरीणबाई असतील." नाव पाटीवर असणे वेगळे आणि ते लोकांना ठाऊक असणे वेगळे, हे त्या दिवशी मला कळले. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या गावोगावच्या रस्त्यांना राजांची, संतांची व पुढाऱ्यांची नावे असतात. ती असावीतच. परंतु स्त्री कलावंताचे नाव क्वचितच आढळते. मुंबईत वांद्र्याच्या पाली हिल भागात मात्र 'नर्गिस दत्त रोड' आहे.

नर्गिस यांची हकिगत त्यांच्या आईपासून सुरू होते. जद्दनबाई या नामवंत गायिका. गाणाऱ्या बाईची कला लोक आवडीने ऐकत. परंतु तिला मानाचे स्थान देण्यास तयार नसत. अशा काळात या बाईंनी स्वतःची चित्रपटसंस्था काढली आणि १९३५ साली 'तलाश-ए-हक' या चित्रपटाला संगीत दिले. भारतातील पहिल्या स्त्री संगीतकारांत त्यांची गणना होते. त्याच चित्रपटात त्यांची लहानगी मुलगी पडद्यावर आली. तिचे मूळ नाव फातिमा रशीद. जन्म १ जून १९२९, कलकत्ता.

हीच मुलगी पुढे नर्गिस म्हणून गाजली. मेहबूब खान यांच्या 'मदर इंडिया' (१९५७) मध्ये कर्जाखाली पिचलेली, परंतु न वाकणारी शेतकरी माता त्यांनी उभी केली. दुष्काळ व सावकारी पाहिलेल्या आपल्या मराठवाड्याला ती माता परकी वाटणार नाही. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पती सुनील दत्त यांच्यासह कलापथक घेऊन त्या सीमेवरील जवानांचे मनोरंजन करण्यास जात. १९८० साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सुनील दत्त यांनी प्रतिष्ठान स्थापून कर्करुग्णांच्या मदतीचे कार्य केले. बार्शीच्या इस्पितळाला त्यांचे नाव आहे, याचा अर्थ आता ध्यानात येईल.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. राष्ट्रीय एकात्मतेवरील उत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराला कित्येक वर्षे नर्गिस दत्त यांचे नाव होते. २०२४ साली नियम बदलले आणि ते नाव वगळले गेले. जे नाव ठरावाने दिले जाते, ते ठरावाने जाऊही शकते. लोकांच्या आठवणीत रुजलेले नाव मात्र कोणत्याही ठरावाने पुसता येत नाही. आणि ज्या आईने मुलीसाठी वाट मोकळी केली, त्या जद्दनबाईंच्या नावाची पाटी तर माझ्या पाहण्यात कोठेच आली नाही.

पालकहो, रस्त्याला नाव देणे हे नगरपालिकेचे काम. परंतु नाव सुचविणे हे नागरिकांचे काम आहे. उद्या आपल्या वस्तीत नवा रस्ता होईल, तेव्हा एखाद्या गायिकेचे, चित्रकर्तीचे किंवा कवयित्रीचे नाव सुचविण्यास संकोच करू नका. आणि त्याहूनही सोपे काम आज घरीच करण्यासारखे आहे. आपली मुलगी सुरेख चित्र काढत असेल, गोड आवाजात नज्म म्हणत असेल, तर आठवी-नववीत गेली म्हणून तिची वही-रंगपेटी माळ्यावर टाकू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही यापुढे रस्त्याने जाताना पाटी दिसली, की क्षणभर थांबा आणि घरी येऊन विचारा : हे कोण होते? उत्तर मिळाले नाही, तर शाळेत येऊन आम्हा शिक्षकांना विचारा. आम्हालाही ते शोधावे लागेल, आणि ते आमच्या हिताचेच आहे.