घरची आंबापोळी आणि चिंचेची वडी: कशी करावी, कोणी किती खावी?

उन्हाळ्यात लातूर-नांदेडकडच्या घरांत आंब्याचा रस वाळत घातला जातो आणि मुलांसाठी चिंच-गुळाचे गोळे वळले जातात. निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दवाखान्यात आई-आजी नेहमी विचारतात, "बाजारातल्या जेलीपेक्षा हे घरचं बरं ना, डॉक्टर?" बरे आहे, पण घरचे आहे म्हणून ते कितीही आणि कुणालाही द्यावे असे नाही.

घरच्या वडीचा फायदा काय?

बाजारातील बहुतेक चिवट गोळ्यांत साखर, ग्लुकोज सिरप, कृत्रिम रंग आणि सुगंध असतो. फळ नावापुरतेच असते. अनेक गोळ्यांत जिलेटिन असते. ते जनावरांच्या हाडांपासून व कातडीपासून बनते, म्हणून शाकाहारी कुटुंबांनी पाकिटावरचे हिरवे चिन्ह पाहावे. घरी आपण फळ निवडतो, साखर ठरवतो आणि रंग टाळतो.

आंबापोळी (साठ) करण्याची रीत

- पिकलेल्या आंब्यांचा १ किलो रस गाळून घ्या. त्यात एका लिंबाचा रस घाला. आंबा गोड असेल तर साखर लागत नाही.
- स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात ८ ते १० मिनिटे सतत ढवळत उकळा. यामुळे जंतू कमी होतात आणि रंगही टिकतो.
- ताटाला तुपाचा हात लावून ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा थर पसरवा.
- पातळ सुती कापड ताणून बांधा आणि कडक उन्हात २ ते ३ दिवस वाळवा. रात्री ताट घरात घ्या.
- मधोमध बोट टेकवल्यावर चिकटले नाही आणि पोळी ताटातून अखंड सुटली, म्हणजे ती झाली.
- पट्ट्या कापून कोरड्या काचेच्या बरणीत भरा व फ्रिजमध्ये ठेवा.

पेरूची पोळीही अशीच होते. पेरू वाफवून, गाळणीतून दाबून बिया काढून घ्या.

चिंचेची वडी

२५० ग्रॅम चिंचेतील चिंचोके आणि शिरा काढा. गरम पाण्यात भिजवून कोळ गाळा. २०० ग्रॅम गूळ घालून मंद आचेवर कडा सुटेपर्यंत आटवा. जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घाला. गोळे वळण्याऐवजी ताटात थापून पातळ पट्ट्या कापा. कारण पुढे दिले आहे.

चिंच आंबट असल्याने कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ती शिजवू नका. तांबे पदार्थात उतरते आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात.

घशात अडकण्याचा धोका

ही सर्वात महत्त्वाची गोष्ट. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद असते आणि मागच्या दाढा आलेल्या नसतात. गोल, चिवट गोळा नीट चावला जात नाही आणि श्वासमार्ग बंद करू शकतो. चिंचोकाही तसाच धोकादायक आहे.

- ४ वर्षांखालील मुलांना चिवट वडी देऊ नका. त्यांना मऊ फळ किंवा रस चमच्याने भरवा.
- मोठ्या मुलांनाही बसवूनच द्या. पळताना, हसताना, झोपून नको.
- १ वर्षाखालील बाळाला मध घातलेले काहीही देऊ नका. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.
- गिळायला त्रास होणारे वृद्ध आणि पक्षाघाताचे रुग्ण यांनाही देऊ नका.

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, श्वास घेता येत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा मारा. उपयोग झाला नाही तर १ वर्षावरील मुलाच्या बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वरच्या दिशेने ५ झटके द्या. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करा. बाळ १ वर्षाखालील असेल तर पोट दाबू नका; डोके खाली ठेवून पाठीवर ५ थापा, मग छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाब द्या. दुसऱ्या कुणाला तरी १०८ वर फोन करायला सांगा. मूल बेशुद्ध पडले तर सीपीआर सुरू करा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नका; ती आणखी आत जाते.

मधुमेह असेल तर?

वाळवताना पाणी जाते, साखर तेवढीच राहते. १ किलो आंब्याच्या रसात साधारण १४० ग्रॅम नैसर्गिक साखर असते आणि त्याची जेमतेम २०० ग्रॅम पोळी होते. म्हणजे २० ग्रॅमच्या एका पट्टीत, वरून साखर न घालताही, सुमारे १४ ग्रॅम म्हणजे जवळपास ३ चमचे साखर येते. गूळ घातला तरी रक्तातील साखर वाढतेच. मधुमेहींनी ही वडी रोज खाऊ नये. कधीतरी खाल्लीच तर छोटा तुकडा, जेवणासोबत आणि त्या जेवणातील भात-पोळी कमी करून.

साखर अचानक कमी झाली (थरथर, घाम, चक्कर) तर वडी चघळत बसू नका. ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घेणे लवकर लागू पडते. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडावाटे काहीही देऊ नका, दवाखाना गाठा.

आणखी कोणी जपावे?

- किडनीचे रुग्ण: चिंच आणि वाळवलेल्या फळांत पोटॅशियम एकवटलेले असते. डायलिसिसवर असाल किंवा पोटॅशियम वाढलेले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.
- रक्तदाब: चिंचेच्या वडीत मीठ कमीत कमी घाला.
- आम्लपित्त: उपाशीपोटी चिंच टाळा.
- दात: चिकट, आंबट-गोड पदार्थ दातांत अडकून कीड लागते. खाल्ल्यावर लगेच चूळ भरा. ब्रश अर्ध्या तासाने करा.

कधी फेकून द्यावी?

पांढरी-हिरवी बुरशी, आंबूस वास किंवा ओलसरपणा दिसला तर सगळीच बरणी टाकून द्या. बुरशीचा भाग खरवडून उरलेले खाऊ नका. पावसाळ्यात हवा दमट असते, म्हणून वाळवणाचे काम उन्हाळ्यातच उरका आणि बरणीत ओला हात घालू नका.

निरोगी मोठ्या मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा बोटभर पट्टी पुरे. रोजच्या खाण्यात मात्र ताजे, चावून खायचे फळच असावे.