वर्गणीची पावती आणि हाडकीचा कागद

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे मंडळाने सांगितले. आम्ही गिरणी कामगार. शाळा थोडी, वाचन सारे पाळी सुटल्यावरचे. पण आपला इतिहास आपणच नाही लिहिला, तर दुसरा कोण लिहिणार?

आपल्या जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला 16 डिसेंबर 1939 रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद भरली. वतनी जमिनीवर सरकारने वाढवलेल्या साऱ्याविरुद्ध तो आवाज होता. पुढे 1958 च्या कायद्याने वतने गेली, गावकीची वेठ सुटली. हाडकीच्या जमिनी रे-ग्रँटने परत मिळाल्या, पण नव्या शर्तीने. कलेक्टरच्या परवानगीवाचून विक्री नाही. तरीही किती जमिनी हातच्या गेल्या! आमच्या भावकीचा एक तुकडा असाच गेला. भांडायला उभे राहिलो, तर कागद कुणाच्याच घरात सापडेना.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचे दुखणे असेच. बाबासाहेबांनी 1946 साली त्यांचे पुढारी डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून हे साम्य सांगितले होते. तिकडे फ्लोरिडात ईटनव्हिल नावाचे गाव आहे. 15 ऑगस्ट 1887 रोजी 27 काळ्या पुरुषांनी मतदान करून तिथे स्वतःचा कारभार सुरू केला. शंभर वर्षांनी, 1987 मध्ये, गावाच्या मधोमध पाच पदरी रस्ता करायचा घाट घातला गेला. लोक गप्प बसले नाहीत. संघटना बांधली, दाद मागितली. त्याच गावात वाढलेल्या लेखिका झोरा नील हर्स्टन यांच्या नावाने 1990 पासून महोत्सव भरवला, चार गावचे लोक गोळा केले. पाच पदरी रस्ता टळला, गाव राहिले.

आपल्यालाही हे नवे नाही. भय्यासाहेबांनी महूपासून मुंबईपर्यंत पायी फिरून चैत्यभूमीसाठी निधी जमवला. आपला हा विहारही दहा-दहा रुपयांच्या पावत्यांवर उभा राहिला. पाळी संपवून आम्ही दारोदार फिरलो. धुणीभांडी करणाऱ्या आयाबायांनीही कधी रिकाम्या हाती परत पाठवले नाही.

भिंती झाल्या. आता कागद जपू या. येत्या पौर्णिमेला घरच्या ट्रंकेतले सातबारे, फेरफार, रे-ग्रँटचे हुकूम, जुनी पत्रके, फोटो घेऊन या. झेरॉक्स विहाराच्या कपाटात राहील, मूळ कागद तुमच्या घरी. खर्च वर्गणीतून. उद्या आपली पोरे भांडायला उभी राहतील, तेव्हा त्यांचे हात रिकामे नसावेत.

जयभीम!